रसायन आढळले

शेवटची केमो घेऊन घरी आल्यावर कौतिका अनवाणीच तुरीच्या शेतात उतरली. तोच बांधावरच्या सरकारी तपासणी-खांबाचा दिवा लाल झाला.

"रसायन आढळले," खांब शांतपणे म्हणाला. "सेंद्रिय अनुदान हवे असल्यास रसायन शेताबाहेर न्या."

"अरे, कित्येक वर्षांत मी फवारणी केलेली नाही!" तिचा नवरा सुपडू ओरडला.

कौतिका मागे सरून बांधावर उभी राहिली. दिवा हिरवा झाला. तिनं पुन्हा मातीत पाय ठेवला. लाल.

"अहो, ते मला म्हणतंय," ती हळूच म्हणाली.

तिचा हात धरून सुपडूनं तिला शेताच्या मधोमध नेलं. चारी बांधांवरचे खांब लाल होत त्यांच्याकडे वळले आणि एका सुरात बोलू लागले.

"खुरपं घे," सुपडू म्हणाला. "गवत फार माजलंय."