नवा खटका

“अजून खाली नाय जात का गो?” रोझलीन आत्याने दारातूनच विचारलं.

“सोळावर आहे, आत्या. याच्या खाली नाही जात.” शर्लिनने एसीचा रिमोट सासऱ्यांच्या उशाशी ठेवला.

सेबेस्टियन पलंगावर निजवलेले होते. अंगात पांढरा सदरा, बोटांत रोझरीची माळ. पाचूबंदरला हयातभर होडीचं सुकाणू धरून तांडेलकी केलेला हा माणूस काल दुपारी झोपेतच गेला. एकुलता एक मुलगा जोएल आज संध्याकाळी दोह्याहून पोहोचणार होता. मुलाने बापाचं तोंड बघितल्याशिवाय मयत उचलायचं नाही, यात विचारायचंच काही नव्हतं. पण चर्चची शीतपेटी आधीच दुसऱ्या घरी गेलेली. या मे महिन्यात म्हातारी माणसं पिकल्या पानांसारखी गळत होती. म्हणून उमेळ्याच्या या फ्लॅटमध्ये त्यांच्याच खोलीतला एसी कालपासून चालू होता. तो संध्याकाळपर्यंत चालायलाच हवा होता. बंद पडला तर जोएलला कुठल्या तोंडाने बापाजवळ न्यायचं?

दुपारी आत्याने शर्लिनच्या केनीला आणलं. रात्रभर तो तिच्याकडेच होता. सहा महिन्यांचं पोर घामोळ्यांनी लाल झालेलं, रडून रडून दमलेलं. शर्लिनने त्याला पलीकडच्या खोलीत निजवलं, तिथला एसी लावला आणि दार ओढून घेतलं.

थोड्याच वेळात खट्ट आवाज झाला. एसी थांबले, पंखे थांबले. प्रार्थना म्हणणाऱ्या बायका एका ओळीवर अडकून गप्प झाल्या.

वायरमन क्लेमेंट बाहेर खुर्च्या लावत होता. तो धावत बोर्डाशी आला. हा एमसीबीचा खटका त्यानेच गेल्या आठवड्यात नवा बसवला होता. त्याआधी रोज भर दुपारी असाच खटका पडायचा. तेव्हा क्लेमेंट म्हणाला होता, “उन्हात मशीन जास्त करंट ओढते, आणि खटका स्वतःही तापलेला असतो. वायरिंग जुनी, एसी दोन. वहिनी, दुपारी एक बंद ठेवा.”

शर्लिन तेव्हा उसळली होती. “कुठला बंद ठेवू? डॉक्टर म्हणतात, पप्पांच्या हार्टला उकाडा झेपणार नाही. आणि या पोराचं अंग बघा!”

पलंगावरून सेबेस्टियन हसले होते. “अरे, नवा खटका बसवून तर बघ. पोरीला कनाला घाबरवतोस?”

नवा खटका बसला आणि जादूच झाली. आठवडाभरात तो एकदाही पडला नाही. शर्लिनने क्लेमेंटचं कौतुक अख्ख्या इमारतीत केलं. सेबेस्टियनही म्हणायचे, “हाताला गुन हाय पोराच्या.” त्यांचं एकच सांगणं असे. “दुपारचा माजा दरवाजा उघडू नको, बाय. गारवा जातो.” शर्लिन उघडायची नाही. केनी रडत उठला की ती त्याच्या खोलीतला एसी बंद करायची, चहा टाकायची आणि कप घेऊन पप्पांकडे जायची. खोली गार असायची. बंडी मात्र ओलीचिंब. अशक्तपणाचा घाम, असं तिला वाटायचं. काल ती चहा घेऊन गेली तेव्हा त्यांचा एसी बंद होता आणि रिमोट त्यांच्या हातातच होता. जाताना थंडी वाजली असेल, या विचाराने तिला जास्तच भडभडून आलं होतं.

क्लेमेंटने खटका वर केला. एसी घरघरला. पुन्हा खट्ट.

“वहिनी, दुसरा एसी चालू आहे?”

“आहे की. केनीच्या खोलीत. रोज दुपारी असतोच.”

“आणि पप्पांचा?”

“तोही असतोच. तुम्ही नवा बसवल्यापासून कुठे पडतोय?”

क्लेमेंटने मान खाली घातली. “वहिनी, नवा असला तरी ताकद जुन्याएवढीच आहे. मोठा बसवला असता तर वायर जळली असती. दोन एसी त्याला दुपारी झेपणारच नव्हते. मी समजलो, तुम्ही एक बंद ठेवताय. तुम्ही कौतुक करत होता, मीही ऐकून घेतलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.”

“मी कधीच बंद ठेवला नाही,” शर्लिन म्हणाली.

आतून आत्याची हाक आली. फुलं नीट ठेवायला तिने सेबेस्टियनची उशी जरा वर केली होती. तिच्या हातात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा होता. एक कोपरा धरून धरून मऊ पडलेला, घामाने काळवंडलेला.

“यो पुठ्ठा कनाला ठेवलाय गो इथं? वारा घ्यायला?”

शर्लिन पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग पलीकडच्या खोलीत गेली आणि तिथल्या एसीचं बटण तिने बंद केलं.

“अगो, पोर भाजंल ना!” आत्या मागून ओरडली.

“भाजू दे थोडं. क्लेमेंट, पप्पांचा चालू करा.”

खटका वर झाला. या वेळी तो पडला नाही. सेबेस्टियनच्या खोलीत गार वारा सुटला आणि बायकांनी अडकलेली ओळ पुन्हा सुरू केली.

केनी रडत उठला. शर्लिनने त्याला उचललं आणि पायथ्याशी घडी करून ठेवलेल्या चादरीकडे तिचं लक्ष गेलं. आठवडाभर रोज दुपारी ती इथेच, पोराला कुशीत घेऊन गाढ झोपली होती. गारठा सोसवत नाही म्हणून तीच चादर पायांवर ओढून.