नाड्यांची बंडी

थोरल्या दिरांची छाती उघडून ऑपरेशन झालं, तेव्हा कित्येक दिवस त्यांना हात वर करता आले नव्हते. म्हणून नवऱ्याची हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी आतून फाटल्याचं कळताच बनुबाईनं नगरच्या दवाखान्यात जुन्या लुगड्याची, पुढून नाड्या बांधायची बंडी शिवली. पण डॉक्टरांनी जांघेतून नळी सरकवून फाटल्या जागी अस्तर बसवलं. छातीवर ओरखडासुद्धा नाही. सुट्टी मिळाली त्या सकाळी तिनं बंडी पुढं केली. "माझा सदरा दे की," म्हणत नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. डोकं सदऱ्यात गडप झालं आणि गळ्यातून हसत बाहेर आलं. तिनं डॉक्टरांना मनोमन हात जोडले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची छाती उद्या उघडणार होते. बनुबाईनं बंडी त्याच्या बायकोच्या मांडीवर ठेवली. "ह्यांना लागली न्हाई, आक्का. तुमच्या मालकांना चारच दिस लागू दे."