सातचं शटर

एगॉन टीमाननं रिमोट बंद केला आणि आकडे मोजायला सुरुवात केली. बाथटबच्या तळाशी त्याची पाणबुडी गपगार बसली होती. जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी यू-एक, इथेच कीलमध्ये बांधलेली. तिची ही हातभर लांब प्रतिकृती. बायको आल्मुट गेल्यानंतरची तीन वर्षं त्यानं हिच्यातच घातली होती. उद्या तिला तळ्यात सोडायचं होतं. सिग्नल तुटला की मिनिटभरात तिनं आपसूक वर यायला हवं. नाही आली, तर तीन वर्षं चिखलात गेली म्हणायची.

पहाटेपासून तो तिच्याच मागे होता. कॉफी नाही, खिडकीवरचं शटरही वर ओढलेलं नाही, आणि आता नऊ वाजून गेले होते. पंधरा. सोळा. आपण इथेच कोसळलो तर कोणाला कळेल? कोणालाच नाही. त्याला फार एकटं वाटलं.

वीस. दारावरची बेल वाजली, थांबेचना.

दारात वरच्या मजल्यावरच्या ओल्डेकॉपबाई. अंगात घरातला झगा, केस पिंजारलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जिन्यात ऐकवलं होतं, "तुमच्या शटरच्या खडखडाटानं मला रोज सातला जाग येते." तेव्हापासून एगॉन शटरचा पट्टा चोरासारखा हळूहळू ओढायचा आणि बाईंशी 'मोइन' या नमस्कारापलीकडे एक शब्द बोलायचा नाही.

"शटर का नाही उघडलंत आज?" बाईंना धाप लागली होती.

"उघडलं तरी तक्रार, नाही उघडलं तरी तक्रार!"

"तक्रार कसली, टीमान? बरं वाटायचं मला, खाली कोणीतरी आहे म्हणून. तुम्ही हळू ओढायला लागलात आणि मला रोज जमिनीला कान लावायची वेळ आली. या गुडघ्यांनी!"

इतक्यात न्हाणीघरातून बुडबुड आवाज आला. एगॉन धावला, मागोमाग बाई. पाणबुडी वर येऊन डुलत होती.

"ही आपली आपण आली?" बाईंनी विचारलं.

"सिग्नल तुटला की वर येते."

"माझं उलटं आहे," बाई टबाच्या काठावर टेकत म्हणाल्या. "मी खाली येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एगॉननं शटरचा पट्टा असा खेचला, की अख्खी इमारत जागी व्हावी.