पिशवीचा आवाज

ऐन जानेवारीत पाऊस कोसळला, बर्फावर काचेसारखा टणक थर चढला आणि इव्वारच्या रेनडिअरना खालचं शेवाळ उकरता येईना. "रेनडिअर म्हणजे काय दारातल्या कोंबड्या, दाणे टाकायला?" असा त्रागा करत त्याने अखेर विकतचं खाद्य आणलं. आठवडाभरात कळप इतका सोकावला, की पिशवी फाडल्याचा आवाज आला रे आला की दाराशी हजर!

डॉक्टरांनी इव्वारचं खारट खाणं बंद केलं होतं. बायको शेजारी गेलेली पाहून त्याने स्वयंपाकघरात चिप्सचं पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्या फस्त केलं. तेवढ्यात रिस्तेन परतली.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"नक्की?"

"आता काय लेकरांची शपथ घेऊ? नवऱ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"माझा आहे रे," रिस्तेनने त्याच्या मागचा पडदा सरकवला. खिडकीच्या काचेला ओली नाकं चिकटवून अख्खा कळप आशेने आत बघत होता. "पण आता बाहेर जाऊन यांच्यासमोर घे ती शपथ."