गोणपाटाखालचं वरण

“इख मिळनं का नही, तितलंच सांग, बाई,” तोतारामआबा म्हणाले. जळगावच्या प्रयोगशाळेच्या बाकावर ते सकाळपासून ठाण मांडून होते. पोटात विष निघालं की तडक पोलीस ठाणं गाठायचं आणि चुडामणला आत टाकायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

चुडामण त्यांचा चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांत विस्तव जात नव्हता. तरी चोपड्याजवळच्या गावी आबांच्या नव्या घराची घरभरणी झाली, तेव्हा तो आला. वरणाच्या पातेल्यापाशी घटकाभर उभा राहिला, पहिल्या पंगतीत वरण-बट्टी हाणली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी भाऊबंदांतल्या झाडून साऱ्या बाया जुलाबांनी आडव्या. आबांची बायको बेबाबाई तर सलाईनवर. पुरुष मात्र ठणठणीत. पुरुषांना दगडही पचतो, असं म्हणून आबांनी तो प्रश्न निकालात काढला होता.

प्रयोगशाळेतल्या महेकने काढला नव्हता. नासीर मिस्त्रींची ही मुलगी जंतूंच्या तपासणीत मुरलेली, आणि हट्टी. बायांच्या नमुन्यांत एक जिवाणू सापडला, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “हा तर चांगल्या माणसाच्या पोटातही नांदतो. सोडून दे.” तिने सोडलं नाही. जिवाणू सापडून भागत नाही, त्याने सोडलेलं विष सापडावं लागतं. तिने त्या तपासणीचा पिच्छा पुरवला. आबांचाही नमुना मागितला. “माले काय धाड भरनी?” म्हणत आबा थयथयाट करून गेले आणि शेवटी डबी आणून दिली. चुडामणला तिने कधी पाहिलंही नव्हतं. पण एकदा माणसाच्या नावाला विष चिकटलं की ते कुठल्याही रिपोर्टने धुऊन निघत नाही, हे तिला ठाऊक होतं.

“सापडलं,” ती म्हणाली.

आबा ताडकन उठले.

“बसा, आबा. ते कोणी टाकलेलं नाही. मोठ्या पातेल्यातलं वरण बराच वेळ कोमट राहिलं की हे जंतू त्यात बेसुमार वाढतात आणि पोटात जाऊन विष सोडतात. जंतू तुमच्या पोटातही आहे. विष फक्त बायांच्या पोटात आहे.”

“वरण तर बठ्ठासनी एकच खादं!”

“एकाच वेळी खाल्लं?”

आबा बोटांवर पंगती मोजू लागले. आधी पाहुणे जेवले, मग गाव जेवलं, मग घरचे पुरुष. वाढून वाढून दमलेल्या बाया बसल्या तेव्हा दिवस कलला होता.

“त्यासले गरम भेटो म्हनीसन मीच पातेलावर गोणपाट टाकं,” आबा हळूच म्हणाले.

महेकला राग आला आणि म्हाताऱ्याची कीवही आली. तिच्या घरी तरी काय वेगळं होतं? तिची आई सुगराबी दस्तरखानावर सगळ्यांच्या मागूनच बसायची.

“गोणपाटाने गरम नाही राहत, आबा. कोमट राहतं. पुढच्या वेळी पंगत उलटी बसवा. एवढंच औषध आहे माझ्याकडे.”

आबा ठाण्याकडे गेले नाहीत. बेबाबाई हिंडू-फिरू लागली तसं त्यांनी पुन्हा गावजेवण घातलं आणि पहिल्या पंगतीला बाया बसवल्या. गावाने नावं ठेवली, भाऊबंद रुसले. आबा कुणाला बधले नाहीत. “भूक लागेल व्हई त्यानी वाढाले लागा,” म्हणाले. पातेलं नुकतंच चुलीवरून उतरलं होतं. एका बाजूने त्याचा कान आबांनी धरला होता, दुसऱ्या बाजूने चुडामणने.

बेबाबाईने बट्टी कुस्करली, वरण घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि चटका बसून डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर तिने गावाच्या पंगतींसाठी वरण रांधलं होतं.

“बाई व,” ती शेजारणीला म्हणाली, “पंगतनं वरण इतलं गरम राहस?”