दोन बटणं

बोंबील साफ करता करता उन्नतीने तिसऱ्यांदा हात धुतले आणि फोन उचलला. गेममधला बर्फात अडकलेला माणूस 'गुहा शोधतो, पाच तासांनी कळवतो' असं लिहून गेला होता. गेमच तसा. पाच तास म्हणजे खरोखरचे पाच तास वाट बघायची.

"मितेशचा हाय का?" शेवंताबाईंनी सुनेला विचारलं. उन्नतीचा नवरा मितेश जहाजावर नोकरीला होता. नऊ दिवस झाले, त्याचा मेसेज नव्हता.

"नाही आई. गेममधला बघत होते."

"खोट्या मानसासाटी येवरी तगमग?"

"हा निदान सांगून तरी जातो, परत कधी बोलेन ते."

तेवढ्यात फोन वाजला. गेममधल्या माणसाचा इंग्रजी मेसेज उन्नतीने मराठीत करून वाचून दाखवला, "वादळ येतंय. पुढे जाऊ, की इथेच थांबू?"

खाली दोनच बटणं होती. तिचं बोट 'पुढे जा'वर टेकणार, इतक्यात शेवंताबाईंनी बोंबलाच्या ओल्या हातानेच तिचं मनगट धरलं.

"थांब म्हन त्याला. मितेश निगाला तवा आपन दोगींनी त्याला म्हनलाच नाय."