काट्याचा हलवा

गिरिधरनं बिस्किटाचा डबा ओसरीवर ठेवला, पण तो बसला नाही.

"मायनं वापस पाठवला, मावशी. मेलेल्या सुनेचं गोड घरात काहून ठेवाचं, म्हणते."

कौशल्याबाईंनी डबा जवळ ओढला. आत त्यांच्या लेकीचा, प्रेमलताचा हलव्याचा हार होता. लग्नानंतरची तिची पहिलीच संक्रांत. काळ्या लुगड्यासोबत त्यांनी स्वतः तो इतवारीतल्या आपल्या घरून सावनेरला, तिच्या सासरी नेऊन दिला होता. महिन्याभरात कन्हान नदीच्या काठावर तिच्या चपला सापडल्या. प्रेत मिळालंच नाही. सासरच्यांनी घाईघाईनं दिवस उरकले.

"डोकं फिरलं होतं वहिनीचं," तिचा दीर गिरिधर सांगत होता. "संक्रांत होऊन गेली, तरी शेगडीपाशी बसून हलवाच करत राहे."

सुनेचं सोनं सासूच्या कपाटात आणि सुनेच्या पाठीवर वळ, हे कौशल्याबाईंना दिवाळीलाच कळलं होतं. आणखी सोनं दिलं असतं तर तेही कपाटात गेलं असतं. साखरेला कोण कुलूप लावतो? म्हणून त्यांनी आपली बोरमाळ तोडली आणि निखाऱ्यावर परात ठेवून एकेका मण्यावर थेंबाथेंबानं पाक चढवला, बोटं भाजेपर्यंत. एकवीस मणी. हलव्यावरचा काटा पाहून सासूनं तोंडात बोट घातलं. सासरच्या घरात तो कोणालाच जमत नसे. प्रेमलता मात्र लहानपणापासून आईच्या परातीशी बसलेली.

"जिवावर बेतलं तर हार पाण्यात टाक, मणी घे अन् नीघ," त्यांनी लेकीच्या कानात सांगितलं होतं.

आणि हार अखंड परत आला होता. पोरीनं नदी जवळ केली, पण हार मोडला नाही. त्यांना तिचा रागच आला, मग स्वतःचा.

गिरिधर गेल्यावर त्यांनी हार पाण्याच्या गंजात सोडला आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं काटे विरले. त्यांनी हात घालून तळ चाचपला.

हाताला सोनं नाही, शेंगदाणे लागले. एकवीस.

त्यांनी ते एकेक करून सगळे खाल्ले. पाणी मोरीत ओतलं. शेजारच्या रंभाबाईचं माहेर सावनेरचं. इकडची गोष्ट तिकडे पोचायला दिवसही लागत नसे. कौशल्याबाईंनी दार सताड उघडलं, कोरड्या डोळ्यांवर पदर घेतला आणि तिला नीट ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.